वांगं कुठाय?

मामानं घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारलं, "वांगं कुठाय?"

ती बाटली मी जर्मनीतल्या बांबेर्गहून टी-शर्टात गुंडाळून आणली होती. दोन लिटरपर्यंत दारू बिनजकात आणता येते. मी अर्ध्या लिटरच्या तीन आणल्या. हिचं नाव राउखबिअर, म्हणजे धुराची बिअर. बार्लीला मोड आणून ती वाळवताना खाली बीचच्या लाकडाचा जाळ करतात, तो धूर दाण्यात मुरतो. पूर्वी माल्ट, म्हणजे हे मोड आलेलं धान्य, जाळावरच वाळवायचे, त्यामुळे जुन्या बिअरींना थोडाफार धूर लागलेलाच असायचा. नंतर बिनधुराच्या भट्ट्या आल्या आणि सगळ्यांनी हुश्श केलं. बांबेर्गमधल्या दोन ब्रुअरींनी मात्र धूर सोडला नाही. श्लेंकेर्ला आणि श्पेत्सिआल. दुसरी तर १५३६ पासूनची.

ऑफिसातल्या सहकाऱ्यानं पहिल्यांदा पाजली तेव्हा म्हणाला होता, भाजलेल्या डुकराच्या मांसाची चव लागेल. आमच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत वेगळ्या शेगडीवर उकडायचे, मला काय कळणार ती उपमा! पण वास ओळखीचा होता. कुठला, ते आठवेना. सहा वर्षं आठवेना. मामाला चार सेकंद लागले. गॅसवर भाजलेलं, अजून साल न काढलेलं भरताचं वांगं.

"चांगलीये," मामा म्हणाला. "पण मला नको." आणि त्यानं फ्रिजमधून आपली ६५० मिलीची स्ट्राँग काढली, सांडशीच्या टोकानं बूच उडवलं, ग्लासात बर्फाचे दोन खडे टाकले. मी बर्फाकडे बघितलं. मी बघितलं हे त्यानं बघितलं.

आता माझी बाजू सांगतो. मी जिथे राहतो ते बांबेर्ग पाऊण लाख वस्तीचं गाव. आपल्या एकट्या कोथरूडमध्ये याहून जास्त माणसं असतील. एवढ्याशा गावात दहाच्या वर ब्रुअरी आहेत. आसपासच्या खेड्यांत आणखी कितीतरी, आणि प्रत्येक खेड्याचं ठाम मत की शेजारच्या खेड्यातली बिअर म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. धुराच्या बिअरीचे दोन पक्ष वेगळेच. एक ब्रुअरी रेग्निट्झ नदीच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला. एकीचे लोक म्हणतात तुमचा धूर फारच अंगावर येतो, दुसरीचे म्हणतात तुमच्यात धूर आहे तरी कुठे. पुणेकराला हे समजावून सांगायला नको. मिसळीवरून आपण नातीगोती तोडत आणलीयेत.

कोलोन आणि ड्युसेलडोर्फ या दोन शहरांत तर जेमतेम चाळीस किलोमीटर अंतर. कोलोनची क्योल्श फिकट सोनेरी, २०० मिलीच्या उभट ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो, ग्लासाखालच्या गोल पुठ्ठ्यावर रेघ मारतो आणि तुम्ही तो पुठ्ठा ग्लासावर झाकेपर्यंत हे चालू राहतं. आग्रह करकरून जिलबी वाढणाऱ्या पंगतीची आठवण येते. ड्युसेलडोर्फची आल्ट गडद तांबूस. तिथे मी पहिल्याच भेटीत भाबडेपणानं क्योल्श मागितली. वेटरला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मागितली, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी हळूच माझ्या हातावर थोपटलं.

असं दोनचार वेळा हसं झालं की माणूस शिकतो, आणि शिकला की दुसऱ्याला शिकवायला निघतो. तीन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत मित्राच्या गच्चीवर मी १५१६ च्या बव्हेरियन शुद्धतेच्या कायद्यावर व्याख्यान दिलं होतं. पाणी, बार्ली आणि हॉप्स ही कडवट फुलं, चौथं काही घालायचं नाही. (यीस्टचा त्यात उल्लेखच नाही, तो काय असतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.) आणि तुम्ही पिताय त्यात तांदूळ नाहीतर मका असतो, वगैरे. खारे दाणे संपले, चकल्या संपल्या, मी चालूच. शेवटी मित्राची बायको म्हणाली, "पुढच्या वेळी तू आलास की आपण ताक करू."

या खेपेला मात्र माझ्या वरताण निघाला तो आतेभाऊ. बाणेरला आयटीत आहे. त्यानं मामाला आणि मला बालेवाडी हाय स्ट्रीटवरच्या एका ब्रुअरीत नेलं. पुण्यात हे प्रकरण आता जुनं झालंय. देशातल्या अगदी सुरुवातीच्या क्राफ्ट ब्रुअरींपैकी डूलाली २००९ मध्ये इथेच निघाली. नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर खुळावायचे, म्हणून इंग्रजीत डूलाली म्हणजे डोकं फिरलेला. मामाला हे फार आवडलं.

आतेभावानं छोट्या ग्लासांचा ट्रे मागवला आणि कडवटपणाचे आकडे सांगायला लागला. ही चाळीस, ही साठ. हॉप्स अमेरिकन. हिच्यात आंबा, हिच्यात ओल्या गवताचा भास. लागर त्यानं मागवलीच नाही. "लागर काय, पाणी असतं." इथे मला राहवलं नाही. लागर म्हणजे जर्मनमध्ये साठवण. थंडीत सावकाश आंबवायची आणि आठवडेच्या आठवडे मुरवायची. आत लपवायला आंबा नाही, संत्रं नाही, काही चुकलं तर उघडं पडतं. साध्या वरणासारखं. आमची जुंपली. माझा आवाज थोडा चढला हे कबूल करतो.

तेवढ्यात मामानं ट्रेमधला गढूळ पिवळा ग्लास नाकाशी नेला. "ही शिकरणीत ओतली का रे?"

आतेभावानं कार्ड वाचलं. बव्हेरियन पद्धतीची गव्हाची बिअर. तिला पिकल्या केळ्याचा वास असतो, तोही केळं न घालता, नुसत्या यीस्टमुळे. शेजारचा ग्लास बेल्जियन पद्धतीचा होता. "हिच्यात धणे." तेही बरोबर, धणे आणि संत्र्याची साल घालतात. आम्ही दोघं वाद घालत होतो आणि हा गृहस्थ, पिंपरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं पाळ्या केलेला, एकामागून एक ग्लास ओळखत होता. साठवाली प्यायल्यावर तोंड कसंनुसं केलं. "कडुलिंब. पाडव्याला एकदा ठीक आहे."

मी विचारलं, "मामा, तुला एवढं कळतं, मग ती स्ट्राँग कशाला पितोस?"

"कळतं सगळं. आवडत नाही, त्याला काय करू?"

मग त्यानं हिशेब मांडला. स्ट्राँगमध्ये आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल. म्हणजे एका बाटलीत साधारण ५२ मिली. माझ्या अर्ध्या लिटरच्या पाच टक्केवालीत २५. "मला शनिवारी एक बाटली लागते, तुला दोन लागतात. बर्फ घालतो कारण माझा फ्रिज जुना आहे. आणि फार गार केली की चव कमी लागते, ते मला हवंच असतं." शेवटचं वाक्य शास्त्राला धरून आहे. बांबेर्गमध्ये काहीजण बिअर फ्रिजमधून काढल्यावर थोडा वेळ टेबलावर ठेवतात ती याच कारणासाठी, फक्त उलट बाजूनं.

बिल बघून मामा काही बोलला नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "एवढ्यात दोन महिने निघाले असते."

परत आल्यावर हे सगळं मी सहकाऱ्याला सांगितलं. चव वगैरे त्याला लगेच पटलं. तो अडकला भलत्याच ठिकाणी. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो आणि बिअरसाठी एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात, हे त्याला खरंच वाटेना. त्यांच्याकडे सोळाव्या वर्षी बिअर मिळते. "म्हणजे तुझ्या मामाकडे बिअर प्यायचं लायसन आहे?" मी म्हटलं, आम्ही त्या विषयावर बोलत नाही.

आम्ही टेकडीवरच्या केलरवर, म्हणजे उघड्यावरच्या बिअरच्या बागेत बसलो होतो, चेस्टनटच्या झाडांखाली. पूर्वी खाली तळघरात बिअर गार ठेवायचे, वर सावलीसाठी ही झाडं लावली. अशा बऱ्याच केलरांवर बिअर तिथली घ्यायची आणि खाणं घरचं आणायचं, त्यामुळे मी भाकरी आणि भरताचा डबा नेला होता. सहकाऱ्यानं भरत खाल्लं, वर राउखबिअरचा घोट घेतला, आणि बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे मांसापेक्षा बरं जमतंय."

रविवारी मामाचा फोन आला. उरलेली बाटली अजून फ्रिजच्या दारात पडून आहे. मामी विचारतेय, गॅस संपला तर भरतात ओतता येईल का.