लिस्बन उतरताना

लिस्बनमध्ये पहिल्या दिवशी आम्ही २८ क्रमांकाच्या ट्रामसाठी तासभर रांगेत उभे राहिलो आणि आत शिरल्यावर शहराऐवजी पुढच्या माणसाची पाठपिशवी पाहिली. (या ट्राममध्ये पाकीट सांभाळावे.) दुसऱ्या दिवशी प्रासा दा फिगेइरा चौकातून ७३७ क्रमांकाच्या बसने किल्ल्यापर्यंत चढून तेथून पायी उतरलो, तेव्हा कुठे शहराची ओळख पटू लागली.

किल्ल्याखालच्या अल्फामा वस्तीचे नाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी असलेल्या अरबी शब्दावरून आले आहे. ११४७ साली पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सु हेन्रिक्स याने मुस्लिम सत्तेकडून शहर जिंकले आणि त्यानंतर येथे कॅथेड्रल उभे राहिले. त्याच्या आवारातील उत्खननात रोमन रस्ता आणि मुस्लिम काळातील बांधकाम सापडले आहे. थोडे वर रोमन नाट्यगृह आहे. १७५५ च्या भूकंपानंतर पुनर्बांधणी चालू असताना, १७९८ साली, ते पुन्हा उजेडात आले. तेथील संग्रहालय सोमवारी बंद असते.

सर्वांत जास्त वेळ मात्र रोसियू चौकाजवळच्या साव डोमिंगुश चर्चला द्यावा. भूकंपातून सावरलेली ही वास्तू १९५९ साली आगीत सापडली; तडकलेले, कपचे उडालेले खांब मुद्दाम तसेच ठेवले आहेत आणि त्यांच्यावरून हात फिरवला तर दगड भाजल्याचे बोटांना जाणवते. बाहेरच्या चौकात १५०६ साली जमावाने मारलेल्या ज्यूंचे स्मारक आहे. बहुतेक पर्यटक त्याच्या शेजारून चेरीची दारू पीत पुढे जातात, हे मला खटकले.

आपल्याकडील पाव, बटाटा, चावी हे शब्द येथील पोर्तुगीज भाषेतून आले हे ठाऊक होते, तरी निवासाच्या मालकीणबाईंनी किल्ली देताना ‘शाव्ह’ म्हटले तेव्हा क्षणभर वसईतच असल्यासारखे वाटले.

येथील पांढऱ्या दगडांचे पदपथ पावसात इतके निसरडे होतात की मी एकदा सपशेल आपटलो. तळव्याला पकड असलेले बूटच न्यावेत. उतार संपल्यावर बायशा भागात, एका बँकेच्या तळघरात, मासे खारवण्याचे रोमन हौद आहेत. तेथे मार्गदर्शकासोबतच जाता येते, म्हणून आधी नोंदणी करावी. आम्ही तेथून वर रस्त्यावर आलो, तर जवळच्याच एका दुकानात तारलीचे रंगीत डबे छतापर्यंत रचलेले होते.