गाणी दुसऱ्यांची, मग त्यात तुमचं काय?

मी डीजे आहे आणि स्वतः संगीत तयारही करते, हे कळलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच. गाणं लिहिलं दुसऱ्याने, गायलं तिसऱ्याने, मग त्यात तुमचं काय? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते, पण माझ्याबद्दल नाही, अमेरिकेतला डीजे फ्रँकी नकल्सबद्दल. त्याच्या आयुष्यात याचं उत्तर सगळ्यात स्पष्ट दिसतं.

फ्रँकीचा जन्म 1955 चा, न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सचा. कापडावरची नक्षी शिकत असलेला हा मुलगा मित्र लॅरी लेव्हनच्या सोबतीने क्लबात रेकॉर्ड्स वाजवू लागला. 1977 मध्ये शिकागोत ‘वेअरहाउस’ हा क्लब सुरू झाला. तिथे रेकॉर्ड्स वाजवायला बोलावणं आधी लॅरीलाच होतं. तो न्यूयॉर्क सोडेना, म्हणून फ्रँकी गेला. साउथ जेफरसन स्ट्रीटवरची तीन मजली जुनी औद्योगिक इमारत होती ती. दारू मिळत नसे, फळांचा रस मिळे. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातले बरेच समलिंगी तरुण. बाहेर जिथे तिथे नजरा झेलणारी ही मुलं शनिवारी रात्री इथे येत आणि रविवार उजाडून गेला तरी नाचत असत. ‘हाउस’ या नाचाच्या संगीतप्रकाराचं नाव याच जागेवरून पडलं.

मग 12 जुलै 1979 उजाडला. शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला. यात एका रेडिओ निवेदकाचा पुढाकार होता. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना झालाच नाही. ते दृश्य मी आजही शांतपणे पाहू शकत नाही, कारण तिथे जळत होतं ते प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचं आणि समलिंगींचं संगीत. हळूहळू मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं. फ्रँकीला हव्या तशा नव्या रेकॉर्ड्स मिळेनाशा झाल्या. नाचणारे मात्र दर शनिवारी हजर.

त्याने हातातल्या जुन्या गाण्यांनाच कापायला घेतलं. म्हणजे अक्षरशः कापायला. गाणं मोठ्या चकतीच्या टेपवर उतरवायचं, पात्याने हवा तेवढा तुकडा कापायचा, चिकटपट्टीने दुसरीकडे जोडायचा. ज्या चार मात्रांवर लोक बेभान होतात त्यांच्या प्रती काढून एकामागे एक लावायच्या, म्हणजे तीन मिनिटांचं गाणं दुप्पट-तिप्पट लांबतं. गायिकेचा आवाज मागे ढकलायचा, ड्रम आणि बास पुढे आणायचे. गाणं तेच, पण आता ते रेडिओसाठी उरलेलं नसतं, नाचणाऱ्या पायांसाठी झालेलं असतं.

दोन गाणी जोडणं हे त्याच्या पुढचं काम. दोन टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रांवर, दोन रेकॉर्ड्स, हेडफोनच्या एका कानात पुढचं गाणं. त्याची गती मागेपुढे करत पहिल्याशी मिळवायची. आणि नुसती लय जुळून भागत नाही, आवर्तन जुळावं लागतं. तबलजी आणि गायक समेवर एकत्र येतात तेव्हा मैफलीत जी दाद उठते, तसाच क्षण इथेही असतो. फरक एवढाच की इथे दोन्ही कलावंत रेकॉर्डवर आहेत, थांबू शकत नाहीत. सम हाताने आणावी लागते. त्यात कुठलं गाणं कुठल्या गाण्यानंतर, हा निर्णय. माझ्या मते सगळ्यात अवघड भाग तोच, आणि तो कुठलंही यंत्र शिकवत नाही.

पुढे डेट्रॉइटचा संगीतकार डेरिक मे याच्याकडून त्याने रोलंड कंपनीचं टीआर-909 हे ड्रम मशीन विकत घेतलं. आता रेकॉर्डखाली स्वतःचा ठोका घालता येऊ लागला. गायक जेमी प्रिन्सिपलचं ‘युअर लव्ह’ हे गाणं तर रेकॉर्ड निघण्याच्या कितीतरी आधी तो टेपवरून वाजवत होता. वाजवणारा कधी संपला आणि निर्माता कधी सुरू झाला, याची रेघ त्याच्या बाबतीत मला तरी काढता येत नाही. पुढे तो न्यूयॉर्कला परतला, डीजे डेव्हिड मोरालेसबरोबर ‘डेफ मिक्स’ या संगीतनिर्मिती कंपनीत काम करू लागला, बड्या गायकांची रीमिक्स केली. 1998 मध्ये ग्रॅमीने रीमिक्स करणाऱ्यासाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला, तो त्यालाच मिळाला. मधुमेहाने त्याचं एक पाऊल गेलं, तरी त्याने वाजवणं सोडलं नाही. 31 मार्च 2014 रोजी तो गेला.

त्याच्या मागे राहिलेल्या सुमारे 5,000 रेकॉर्ड्स आज शिकागोच्या दक्षिण भागातल्या स्टोनी आयलंड आर्ट्स बँकेत जपून ठेवल्या आहेत. मूळची ती बँकेचीच इमारत, 1923 ची. त्यातल्या बहुतेक रेकॉर्ड्सवर नाव दुसऱ्या कुणाचं तरी आहे. तशा रेकॉर्ड्स दुकानातही मिळतील, पण एका माणसाने निवडलेल्या, नाचणाऱ्यांपुढे पारखलेल्या रेकॉर्ड्स म्हणून त्या इथे जपल्या आहेत. तुम्ही विचारलंत ना, त्यात तुमचं काय? फ्रँकीचं होतं ते हे.