आमची वाटचाल: ५० लिटरपासून ५०० लिटरपर्यंत

बिअर बनवण्याचा परवाना हाती आल्यावर कोल्हापुरात आम्ही ५० लिटरच्या संचापासून सुरुवात केली. त्यावर पेल एल ही फिकट रंगाची बिअर जमली, तेव्हा शिरोली एमआयडीसीतून ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या ५०० लिटरच्या टाक्या बनवून घेतल्या. साहित्य दहापट केलं की भागतं, असं वाटतं. पण मोठ्या टाकीतली बिअर वेगळी वागते आणि आमचं खरं शिक्षण तिथेच झालं.

५०० लिटरला ११० किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातूचं धान्य) लागतो. रोलरमधली फट १.२ मिमी ठेवून तो भरडतो. दाणा फुटावा, पण टरफल अख्खं राहावं, कारण गाळणीचं काम तेच करतं. पीठ पडलं की मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेला भरडलेला माल्ट, चोंदतो. गव्हाला टरफलच नसतं, म्हणून गव्हाच्या बिअरमध्ये ४ किलो धुतलेलं भाताचं तूस मिसळतो. मॅशला ३३० लिटर पाणी, ६६ अंश, एक तास. तापमान ७० च्या वर गेलं तर न आंबणारी साखर वाढते आणि बिअर जड राहते. उरलेली साखर वरून धुवून काढायला ७६ अंशांचं ३५० लिटर पाणी. ८० ओलांडलं की टरफलाचा तुरटपणा उतरतो.

पाण्यात क्लोरीन राहिलं तर बिअरला औषधाचा वास येतो आणि तो नंतर जात नाही. नळाचं पाणी कार्बन फिल्टरमधूनच घ्यावं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेटचे क्षार जास्त असतील तर मॅशचा पीएच चढतो. लॅक्टिक आम्ल थोडं थोडं घालून तो ५.४ वर आणतो.

गाळलेला गोड रस उकळून, थंड करून त्यात यीस्ट घालतो. यीस्ट साखर खाताना उष्णता सोडतं. ५० लिटरची टाकी ती अंगाबाहेर टाकते, ५०० लिटरच्या पोटात ती साठते. टाकीभोवतीच्या जॅकेटमधून थंड ग्लायकॉल (सहज न गोठणारा द्रव) फिरत नसेल तर १९ अंशांवर घातलेला माल दोन दिवसांत २५ वर जातो आणि घसा जाळणारं जड अल्कोहोल तयार होतं. चिलर निवडताना एप्रिलची दुपार धरा; त्या उन्हात त्याची ताकद कागदावरच्यापेक्षा कमी भरते. पाण्याच्या तुलनेत घनता १.०४८ वरून १.०१४ वर आली की मुद्दाम २१ अंश करून दोन दिवस ठेवतो. एरवी लोण्याचा वास राहतो. १.०१० वर आंबणं थांबतं, अल्कोहोल साधारण ५ टक्के.

सगळ्यात जपायचं ते धुण्याच्या वेळी. रिकाम्या टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो बाहेर न काढता बंद टाकीत कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवलं, तर कॉस्टिक तो वायू शोषून घेतं, आत निर्वात होतं आणि टाकी चेपते. म्हणून आधी झाकण उघडून हवा खेळवायची, निर्वात होऊ लागताच हवा आत घेणारा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह तपासायचा, मगच ७० अंशांचं २ टक्के कॉस्टिक. वायू असेपर्यंत आत डोकं घालायचं नाही, ते जिवावर बेततं.

हंगामात गुळाची एल करतो. ९५ किलो माल्ट आणि गुऱ्हाळातून आणलेला १० किलो गूळ, उकळीच्या शेवटच्या १० मिनिटांत. गूळ जवळजवळ पूर्ण आंबतो, गोडी उरत नाही. जास्त घातला तर बिअर पाणचट होते. काळपट गूळच घेतो, हायड्रॉस या रसायनाने उजळवलेला नको.

माल्टचा ओला चोथा त्याच दिवशी गोठ्यावर जातो. म्हशी आवडीनं खातात, पण उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी तो आंबतो, मग द्यायचा नाही.