‘पर्यंत’ आणि ‘पासून’ शिकवणारे सर

राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवायला २००० साली सुरुवात झाली. त्याआधीच शाळेबाहेर पडलेल्या आमच्या पिढीला ही भाषा पाचवीत भेटली, तोवर विचार करण्याची भाषा मराठी म्हणून पक्की झालेली होती. आमच्या इंग्रजीच्या सरांनी ही अडचण न मानता तिथूनच शिकवायला सुरुवात केली, याचे मोल सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत नोंदवावेसे वाटते.

घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वार व तारखेला ‘ऑन’, महिना, ऋतू व वर्षाला ‘इन’, हे तर कोणत्याही गाइडात होते. सरांनी ते झटपट संपवले. ‘इन द मॉर्निंग’मधल्या सकाळीला वार जोडला की ‘ऑन मंडे मॉर्निंग’ होते आणि ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘एव्हरी’ यांच्याआधी यांतले काहीच येत नाही, एवढे बजावले.

खरा वेळ त्यांनी दिला तो ‘पर्यंत’ला. फळ्यावर दोन सूचना लिहिल्या : ‘फी ३० तारखेपर्यंत भरावी’ आणि ‘ग्रंथालय ३० तारखेपर्यंत बंद राहील’. मग विचारले, “काम मुदतीच्या आत एकदा होऊन जायचे आहे, की त्या दिवसापर्यंत तीच स्थिती राहायची आहे?” पहिल्या सूचनेला ‘बाय’, दुसरीला ‘अंटिल’, हे उत्तर मग वर्गातूनच आले. ‘पासून’चेही तसेच. ‘जूनपासून’ म्हणताना आरंभ सांगितला जातो, म्हणून ‘सिन्स’. ‘दोन वर्षांपासून’ म्हणताना अवधी मोजला जातो, म्हणून ‘फॉर’. शिवाय ‘मी दोन वर्षांपासून इथे राहतो’ यातला आपला साधा वर्तमानकाळ इंग्रजीत चालत नाही, तिथे ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवे, हेही त्यांनी त्याच तासाला घोटवून घेतले. ‘सिन्स टू इयर्स’ आजही शिकल्यासवरल्या लोकांच्या अर्जांत दिसते, तेव्हा त्या तासाची किंमत कळते.

आज मी निविदांचे मसुदे तपासतो. ‘इन फिफ्टीन डेज’ लिहिले तर पंधरा दिवस सरल्यावर, असा अर्थ काढता येतो. ‘विदिन’ने मात्र माल त्या मुदतीच्या आतच द्यावा लागतो. ‘बाय’मध्ये शेवटचा दिवस धरायचा की नाही, यावरून पुरवठादार हुज्जत घालू शकतो, म्हणून तारीख देताना मी ‘ऑन ऑर बिफोर’ असेच लिहायला लावतो.