रात्री साडेनऊनंतर

सोमवार

आजपासून रात्री साडेनऊला लेकीचा फोन स्वयंपाकघरात, मिक्सरच्या प्लगला. सकाळी क्लासहून आली की परत तिच्या हातात. ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. नवरा पेपरातून तोंड न काढता "बरं" म्हणाला आणि लेक काहीच म्हणाली नाही. ती काही म्हणाली नाही की मला जास्त धास्ती वाटते.

निमित्त परवाचं. सहाच्या क्लासला जायच्या आधी पोह्यांची ताटली पुढ्यात घेऊन बसली होती, आणि बसल्या बसल्याच झोपली. चमचा हातात तसाच. तेरा ते अठरा या वयाला आठ ते दहा तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. आमच्या बाईसाहेबांची गाडी पाचावर आलेली. विचारलं, एवढ्या रात्री कुणाशी बोलत होतीस? "कुणाशी नाही." मग? "मेसेज करत होते."

तिच्या हिशेबात मेसेज करणं म्हणजे बोलणं नव्हेच. गळक्या नळासारखं ते चालूच असतं, मध्ये मध्ये अभ्यास, जेवण, आंघोळ.

जेवताना नवऱ्यानं मोहित्यांचे वडगाव काढलं. आपल्याच सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं गाव. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायला लागले. भोंगा झाला की दीड तास घरोघरी टीव्ही बंद, मोबाइल बंद. "आपणपण एक भोंगा आणू या," नवरा म्हणाला, आणि स्वतःच हसला. वर ऑस्ट्रेलियाचं सांगितलं, की तिकडं १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना बंदीच आहे. तेव्हा लेक पहिल्यांदा बोलली. "पप्पा, ती सोशल मीडियाला आहे. व्हॉट्सॲप त्यात नाही." बरोबर होती. फोन जाणार म्हटल्यावर जगाचे कायदे तोंडपाठ.

भांडी विसळताना तो भोंगाच डोक्यात होता. भोंग्याचं एक बरं असतं, तो आईच्या आवाजात वाजत नाही. आणि वाजतो तो सगळ्या गावासाठी एकदम.

बुधवार

सकाळी तिनं फोन उघडला तर १४३ मेसेज. ती ते वाचत नाही, बोटानं सरकवत खाली जाते, जशी माझ्या वडिलांची, आप्पांची नजर पेपरातल्या निधनवार्तांवरून जाते. पण आज तोंड पडलेलं होतं. रात्री ग्रुपवर कशावरून तरी हसणं झालं, ते हिला कळेना. रिक्षात बाकीच्या दोघी एक शब्द म्हणायच्या आणि फुटायच्या. हिनं विचारलं तर "जाऊदे गं, तू नव्हतीस."

तू नव्हतीस. होती ना घरात. दहाला झोपलेली होती, अगदी मला हवी तशी.

हे मी धरलंच नव्हतं. गावाच्या भोंग्यात आणि माझ्या मिक्सरच्या प्लगात हाच फरक आहे. गावातली सगळी पोरं एकदम गप्प होतात, म्हणून कुणाचं काही चुकत नाही. मी एकटीच पोर ओढून घेते तेव्हा पंगत चालूच राहते, फक्त हिचं पान उचललेलं.

दुसरी अडचण गणिताच्या सरांची. ते क्लासच्या ग्रुपवर उत्तरं टाकतात रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी. मी नम्रपणे लिहिलं, सर, नऊच्या आत जमेल का? त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. रात्री पुन्हा दहा-दहालाच उत्तरं. म्हणजे अंगठा दाखवलाच.

शुक्रवार

पाऊस लागून राहिलाय. आप्पांकडं गावभागात जाऊन आले. त्यांच्या जुन्या एसटीडी बूथच्या जागी, जिथं लोक परगावी फोन लावायला यायचे, आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे, भाडं आप्पांना येतं. त्यांना मी फोनचं सांगितलं तर म्हणाले, "तुझा फोन मी पेटीत घालायचो, विसरलीस होय?"

कशी विसरेन. एसटीडी बूथवाल्याची मुलगी, आणि घरातला फोन लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली आप्पांच्या जानव्याला. फोन यायचे तेवढे घ्यायचे, करायचे नाहीत. इकडं बूथवर मात्र रात्री अकराला दर पावावर यायचा आणि त्याआधीच बाकावर रांग लागलेली असायची. पोरगं पुण्याला शिकायला असलेले, दुबईला गेलेले. पलटणीत असलेल्यांच्या बायका तर हमखास. मीटरचे लाल आकडे पळायचे आणि बाहेर बसलेल्यांची नजर त्या आकड्यांवर. तीन मिनिटांत काय ते सांगायचं. मर्यादा पैशाचीच होती, त्यामुळं कुणाला ती आईबापानं घातली असं वाटायचं नाही. मला सोडून.

आप्पांची एक खोड होती. टेबलफॅन. गल्ल्याशेजारी असायचा, आणि कधी कधी भर डिसेंबरात ते तो तीनवर करायचे. आई ओरडायची, वीज काय फुकट आहे का.

परत येताना बसमध्ये हसू येत होतं, कारण एकदा मला सरकारनंही अडवलंय. २०११ चा सप्टेंबर. नवरा पुण्याला नोकरीला, मी इकडं पाच महिन्यांची पोर मांडीवर घेऊन. नको ते जाहिरातींचे मेसेज थांबावेत म्हणून ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएस अशी मर्यादा घातली. एका रात्री पोरीला ताप होता आणि आमचं भांडणही चालू होतं, दोन्ही मेसेजवरच. माझा पुढचा मेसेज जाईचना. शंभर संपले होते. भांडण तिथंच राहिलं. पुढच्या महिनाभरात त्यांनी मर्यादा २०० केली, पण आमचं ते भांडण काही पुन्हा पेटलं नाही.

त्यात मराठीत लिहिलं तर एका मेसेजात ७० च अक्षरं मावायची, इंग्रजी लिपीत १६०. म्हणून माझं सगळं प्रेम आणि राग 'kay kartoys' छापाच्या लिपीत गेलं असतं; पण मी हट्टानं देवनागरीत लिहायची आणि एकाचे तीन व्हायचे. शंभर उगाच नाही संपले.

शनिवार, रात्री

आज जे केलं ते लिहू की नको असं चाललंय. लिहिते.

ती आंघोळीला गेली होती. तिचा पॅटर्न मला माहीत आहे, बोट फिरवताना दिसतोच. मी तिचं व्हॉट्सॲप माझ्या लॅपटॉपला जोडलं. एका मिनिटाचं काम. मग दुपारभर ऑफिसचं काहीतरी करतेय असं दाखवत वाचत बसले.

काय होतं? काहीच नव्हतं. 'हं'. 'बोल ना'. 'जेवलीस?' 'तू?' भूमितीच्या प्रमेयाचे वाकडे फोटो. अकरा मुलींच्या ग्रुपवर माझ्या चेहऱ्याचं स्टिकर सापडलं: हातात उलथनं, डोळे अर्धे मिटलेले, खाली 'बरं.' पूर्णविरामासकट. मी म्हणे मेसेजमध्ये पूर्णविराम देते. कुणी काही फेकलं की बाकीच्या दहाजणी मला पाठवतात. आधी राग आला, मग बघता बघता हसले, कारण उलथनं खरंच भारी आलंय.

खाली गेले. कर्नाळ रोडची तिची मैत्रीण. मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारची रात्र, बारा चाळीस. 'आवाज चालू झालेत परत.' 'पप्पा?' 'हं. बोल ना काहीतरी.' आणि मग आमच्या लेकीची बडबड. वर्गातल्या नकला, कुत्र्याची गोष्ट, माझं स्टिकर चार वेळा. सव्वापर्यंत. शेवटी त्या पोरीचं 'झोपले सगळे. थँक्यू.' आणि दुसऱ्या दिवशी पोह्यांसमोर आमची झोपलेली.

तिथं मी लॅपटॉप मिटला. मिटला, पण लॉग आउट करायचं राहिलं.

सोमवार

सापडले. फोनमध्ये जोडलेल्या यंत्रांची यादी असते, त्यात माझा लॅपटॉप दिसला तिला. आरडाओरडा झाला असता तर बरं. तिनं फोन माझ्यापुढं ओट्यावर ठेवला. तेव्हा वाजले होते आठ.

"आई, तू फोन घे. साडेनऊला घे, नऊला घे. पण वाचू नको ना."

मी म्हणाले काळजी वाटते. तर म्हणाली, "मग मला विचार की. माझं एक वेळ जाऊदे, पण त्या पोरींनी तुला कुठं सांगितलंय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. अठराच्या आतलं लेकरू, त्याच्या फोनवर काय येतं ते बघणं आईचं कामच, असं माझ्या ऑफिसातल्या चारजणी तरी ठामपणे म्हणतील, आणि परक्या माणसानं गाठलं, कुणी फोटो मागितले, धमकावलं, तर मीही तेच म्हणेन. तेवढी अट मी तिच्यासमोर बोलून घातली आणि तिनं ती मान्यही केली. पण मला असलं काही दिसलं नव्हतं. मी नुसतीच वाचत बसले होते, मालिका बघावी तशी.

आप्पांचा फॅन आठवला. तो कशासाठी असायचा हे मला कितीतरी उशिरा कळलं. केबिनच्या दाराला खाली फट होती, आतलं बाहेर सगळं ऐकू यायचं. आत कुणी रडायला लागलं की आप्पा फॅन मोठा करायचे.

सॉरी म्हणाले. ती "बरं" म्हणाली, आणि मग हळूच, "पूर्णविराम."

बुधवार

कोयना धरणातून पाणी सोडलंय आणि कृष्णेवरचा आयर्विन पूल गावाच्या तोंडात. सांगलीत पावसाळ्यात माणूस भेटला की बरं आहे का विचारत नाहीत, आयर्विनला किती झालं विचारतात. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं होतं. आम्ही विश्रामबागला, तसे उंचावर, पण नळाचं पाणी आणि वीज बंद झाली तेव्हा उंची काही कामाला आली नाही. त्या वेळी कर्नाळ रोडकडच्या त्या मैत्रिणीच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं.

संध्याकाळी चौतीस. रात्री दहाला छत्तीस. मी अंथरुणात फोन घेऊन पडलेली. दर अर्ध्या तासाला कुणीतरी आकडा टाकतं. लेक दारात येऊन बघून गेली. बोलली नाही काही, बोलायची गरजच नव्हती.

साडेबाराला पाणी प्यायला उठले तर मिक्सरशेजारी तिचा फोन थरथरत पार ओट्याच्या कडेला आलेला. मेसेजवर मेसेज, मग रिंग. मी उचलला, उलटा धरला, आणि उलटाच धरून तिच्या खोलीत नेऊन दिला. ती जागीच होती.

त्यांच्या गल्लीत बांधाबांध सुरू झाली होती. चाळिशीकडं सरकायला लागलं की थांबत नाहीत तिथले लोक, शहाणे झालेत. गॅसची शेगडी, कागदपत्रं, गणपती, एवढं टेम्पोत टाकून घरचे मिरजेला मावशीकडं निघाले होते. मावशीच्या दोन खोल्या, माणसं नऊ, आणि पोरीची परवापासून चाचणी परीक्षा. "आई, ती येऊदे आपल्याकडं?" नवरा तेवढ्या पावसात स्कूटर काढून गेला आणि दीडला त्या दोघांचे रेनकोट बाल्कनीत ठिबकत होते. पोरीनं दप्तर पोटाशी धरून आणलं होतं, कोरडं.

गुरुवार

आयर्विन अडतीस. दुपारपासून स्थिर म्हणतात.

रात्री साडेनऊला मी काही म्हणायच्या आत दोघींनी आपापले फोन आणून मिक्सरशेजारी ठेवले. पाहुणीनं स्वतःच्या फोनला चार्जर शोधला, माझाच काढून लावला. मग राहिला माझा. पाण्याचं काय, म्हणून मी जरा घुटमळले. लेक म्हणाली, "सकाळी सातला पण तेवढंच असतंय." ठेवला. सिंगल प्लगवर तीन फोन, शेवटी मिक्सरच खाली ठेवावा लागला.

दहाला दिवे बंद. सव्वादहाला भिंतीपलीकडून कुजबुज. अकराला एक दबलेलं खिदळणं, मग उशीत तोंड खुपसल्यासारखं काहीतरी. बारा वाजले तरी चालू. मग आवाज बदलला. पाहुणी एकटीच बोलत होती, हळू, आणि मध्ये मध्ये थांबत होती. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत अर्ध्या विटेची आहे, सगळं ऐकू येतं.

उठले आणि आमचा पंखा पाचवर केला.

"अगं थंडी आहे," नवरा पांघरुणातून म्हणाला. "वेडी झालीस काय?"