मावरूदच्या आईची वेल

बल्गेरियन वाइनच्या बाटलीवर प्रदेश शोधायला गेलं की बहुधा दोनांपैकी एक नाव सापडतं: डॅन्यूबचं मैदान किंवा थ्रेसचा सखल प्रदेश. मधे स्टारा प्लानिनाची डोंगररांग. अलीकडचं सगळं एकात, पलीकडचं दुसऱ्यात. पूर्वी प्रदेश पाच होते. काळ्या समुद्राचा किनारा, गुलाबांचं खोरं, स्त्रुमाचं खोरं यांना आपापली ओळख होती. आता कचेऱ्यांची सोय झाली, पिणाऱ्याची पंचाईत. म्हणून मी प्रदेशाच्या नादी लागत नाही, द्राक्षाचं नाव वाचतो.

'दिम्यात' हे द्राक्ष म्हटलं की किनारा. गाम्झा म्हणजे उत्तर. हंगेरीची कादार्का ती हीच. ग्रीसच्या सीमेजवळच्या मेल्निकमध्ये रुंद पानांची वेल, तिची द्राक्षं पिकता पिकता ऑक्टोबर उजाडतो. मेल्निक हे देशातलं सगळ्यात छोटं शहर, पण वाळूच्या खडकात कोरलेली तळघरं अशी की वाइनला वेगळा गारवा लागू नये. चर्चिल इथून वाइन मागवायचा, असं तिथले लोक सांगतात आणि पुरावा कुणी मागत नाही.

माझं लाडकं मात्र मावरूद, प्लोवदिव-आसेनोवग्रादकडचं. गडद, तुरट, घाई नसलेलं. नवव्या शतकातला बल्गेरियाचा राजा खान क्रूम, त्याने म्हणे राज्यातल्या सगळ्या वेली उपटायला लावल्या. पुढे एक सिंह पिंजऱ्यातून सुटला, त्याला मावरूद नावाच्या पोराने लोळवलं. ही ताकद आली कुठून, म्हणून राजाने त्याच्या आईला विचारलं. तिने सांगून टाकलं: एक वेल लपवून ठेवली होती, तिचीच वाइन पाजली. बंदी उठली. राजाच्या हुकुमापेक्षा आईचा हट्ट मोठा, एवढं पटायला सिंह खरा असायची गरज नाही.

पुढचे हुकूम जास्त पक्के होते. समाजवादी काळात 'विनप्रोम' या सरकारी मक्तेदारीखाली काबर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच द्राक्षाचे मळेच्या मळे उभे राहिले. माल सोव्हिएत युनियनला जायचा, १९८०च्या दशकात ब्रिटनच्या सुपरमार्केटांतही स्वस्त आणि मस्त म्हणून खपायचा. १९८५मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी दारूविरुद्ध मोहीम काढली आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच आटलं.

छाटणीचा सण मात्र चालू राहिला. १४ फेब्रुवारीला, त्रिफोन झारेझानच्या दिवशी, वेल छाटून तिच्यावर वाइन ओततात. नाशिकला तेव्हा काढणीची धांदल असते, कारण आपल्याकडे वेलीला झोपच नाही: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. तिकडे थंडीत वेल निजते, एकदाच कात्री लागते, आणि त्या दिवशी गाव आपला 'वेलींचा राजा' निवडतं. मुकुट छाटलेल्या काड्यांचा. असला राजा असेल तर हुकूम ऐकायला माझी ना नाही.