माझी बोधचित्रांची वही: तिसरा रकाना

गेले काही महिने मी डच एम्ब्लेम बुकांमधील, म्हणजे चित्र आणि त्यासोबतचे बोधवाक्य यांतून शिकवण देणाऱ्या जुन्या पुस्तकांमधील, ताम्रचित्रांची (तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांची) वही ठेवत आहे. वहीत आजवर दोनच रकाने होते, डावीकडे वस्तू आणि उजवीकडे तिचा अर्थ; या महिन्यात मात्र ही मांडणी मला मोडावी लागली.

कारण ठरले ते ट्युलिप. सतराव्या शतकातील स्थिरचित्रांवरून (फुले-फळे, वस्तू यांच्या चित्रांवरून) मी त्याच्यापुढे ‘क्षणभंगुरता’ असे लिहून ठेवले होते. पण १६१४ साली ॲमस्टरडॅममध्ये प्रसिद्ध झालेल्या रूमर व्हिसर यांच्या ‘सिन्नेपोप्पेन’मध्ये याच फुलावरचे बोधवाक्य सांगते, की मूर्खाची आणि त्याच्या पैशाची लवकरच फारकत होते. ट्युलिपचा प्रसिद्ध सट्टा १६३६-३७ सालचा, म्हणजे हा टोला त्याच्या वीसेक वर्षे आधीचा. त्याच पुस्तकातील शंखशिंपल्यांचे चित्रही हौसेपायी पैसा उधळणाऱ्यांवरच आहे. मात्र पुस्तकातील चित्रे कोरणारे क्लास यान्स व्हिसर यांनी त्या शिंपल्यांची वळणे आणि पन्हळी इतक्या मायेने कोरल्या आहेत, की बोधवाक्य झाकून पाहिले तर ते चित्र कोणाला शिंपले जमवण्याचे निमंत्रणच वाटेल.

डच कवी याकोब काट्स यांनी तर १६१८च्या आपल्या पुस्तकात एकाच चित्राला प्रेमाचा, लोकव्यवहाराचा आणि धर्माचा असे तीन अर्थ दिले. आपल्याकडील अन्योक्ती, म्हणजे एकाला उद्देशून दुसऱ्याला सुनावणारी कविता, ज्यांनी वाचली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथेही भ्रमर कोणाला उद्देशून आला आहे, हे श्लोकच ठरवतो.

म्हणून बोधवाक्यासाठी मी तिसरा रकाना आखला. तो भरताना ओटो व्हान व्हेन यांच्या १६०८च्या ‘अमोरुम एम्ब्लेमाता’मधील एका चित्रावर मी बराच थांबलो: क्युपिडने, म्हणजे रोमन प्रेमदेवाने, एकचा आकडा असलेली पाटी उंच धरली आहे आणि बाकीचे आकडे पायाखाली घेतले आहेत, कारण खरे प्रेम एकावरच असते. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील, व्हर्जिनल या पट्ट्यांच्या वाद्यापाशी उभ्या असलेल्या तरुणीच्या, डच चित्रकार व्हर्मीर यांनी काढलेल्या चित्रात मागच्या भिंतीवर असाच क्युपिड आहे. कलेतिहासकार एडी दे योंग यांनी त्याचा संबंध या बोधचित्राशी जोडला आणि तो मला पटतो. तरीही व्हर्मीरच्या क्युपिडच्या हातातील कार्डावर आकडा दिसत नाही आणि जवळ बोधवाक्यही नाही. त्या ओळीतला तिसरा रकाना मी तूर्त कोराच ठेवला आहे.